प्रकाशनातून पैसा : कोणाच्या खिशातून, कोणासाठी?

संघटनेच्या खजिन्याची चर्चा निघाली की अलीकडे एक सूचना हटकून पुढे येते. वर्गणी वाढवायची म्हटली तर शाखा कुरकुरतात, सभासद नाराज होतात. मग संघटनेने प्रकाशनाच्या धंद्यात का उतरू नये? डायरी काढा, कॅलेंडर काढा, नियमांची पुस्तके छापा, खातेअंतर्गत परीक्षांची गाईडे विका, मुखपत्रात जाहिराती घ्या, अधिवेशनाला जाडजूड स्मरणिका काढा. डॉक्टरांच्या, रसायनशास्त्रज्ञांच्या संघटना जगभर हेच करून गब्बर झाल्या. मग रेल्वे आणि टपाल कामगारांनीच काय घोडे मारले आहे?

सूचना करणारे आपलेच कार्यकर्ते आहेत, त्यांचा हेतू चांगला आहे, म्हणून ती हसण्यावारी नेता येणार नाही. आमचे मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. संघटनेने पुस्तके जरूर काढावीत. आज काढतो त्याहून कितीतरी जास्त काढावीत. ती छापील किमतीला विकावीत, फुकट वाटू नयेत. पण त्या विक्रीवर आणि जाहिरातींवर संघटनेचा घरखर्च चालवण्याला आमचा विरोध आहे. का, ते जरा सविस्तर सांगावे लागेल.

ज्यांचा दाखला दिला जातो त्यांचेच आधी पाहू. अमेरिकन मेडिकल असोसिएशन ही अमेरिकेतील डॉक्टरांची संघटना १८४७ साली स्थापन झाली. १८८३ पासून तिचे साप्ताहिक निघू लागले. वैद्यकशास्त्रात त्याचा दबदबा मोठा आणि जाहिरातींचे उत्पन्नही तसेच मोठे. १९३३ पासून या साप्ताहिकात सिगारेटच्या जाहिराती येऊ लागल्या, त्या १९५३ पर्यंत, म्हणजे तब्बल वीस वर्षे येत राहिल्या. छाती तपासणाऱ्यांच्या मुखपत्रात सिगारेट! ते डॉक्टर काही दुष्ट नव्हते. पण छपाईचे बिल एकदा जाहिरातदार भरू लागला की त्याच्याविरुद्ध लिहिताना संपादकाचा हात जड होतो, हे कळायला डॉक्टर व्हावे लागत नाही.

याच संघटनेने १९६६ मध्ये एक सूची छापली. डॉक्टर जे जे काम करतो त्या प्रत्येक कामाला तिच्यात एक क्रमांक दिलेला. टाके घातले, हाड बसवले, रक्त तपासले, प्रत्येकाचा आकडा वेगळा. कल्पना सोयीची होती. १९८३ मध्ये अमेरिकन सरकारने वृद्धांच्या सरकारी आरोग्यविम्यासाठी, म्हणजे मेडिकेअरसाठी, हीच सूची स्वीकारली आणि संघटनेचे नशीब फळफळले. बिल करायचे तर आकडा हवा, आकडा हवा तर सूची हवी आणि सूचीचा हक्क संघटनेकडे! आज या व अशा हक्कांतून मिळणारे उत्पन्न सभासदांच्या वर्गणीच्या कित्येक पट आहे. सरकारने दुसरी कोणतीही सूची वापरू नये, अशी अटसुद्धा करारात होती. १९९७ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने तो स्वामित्वहक्काचा गैरवापर ठरवला. सूची मात्र चालूच राहिली आणि तिचे उत्पन्नही.

आता दुसरा आकडा पाहा. १९५० च्या सुमारास अमेरिकेतील दर चार डॉक्टरांपैकी साधारण तिघे या संघटनेचे सभासद होते. आज निम्मेही नाहीत. तरी संघटना श्रीमंत ती श्रीमंतच! कामगार संघटनेत वाढलेल्या माणसाला ही गोष्ट चमत्कारिक वाटेल. आपल्याकडे सभासद गेला तर सगळेच जाते. रेल्वेत गुप्त मतदानाला सामोरे जावे लागते. शेवटचे मतदान डिसेंबर २०२४ मध्ये झाले. टपाल खात्यात वर्गणी पगारातून कापून घेण्याच्या पत्रांवरून सभासदसंख्या मोजली जाते आणि किमान ३५ टक्के नसतील तर सहसा मान्यता मिळत नाही. म्हणूनच आपला सरचिटणीस रात्री बाराला गँगच्या चाळीत जाऊन बसतो, सॉर्टिंग ऑफिसच्या पहाटेच्या सेटला हजेरी लावतो. सभासद सोडून गेले तरी ज्या संघटनेच्या तिजोरीला खरचटत नाही, तिच्या पुढाऱ्याने ही पायपीट कशाला करावी? वर्गणी हा केवळ पैसा नसतो. दर महिन्याला सभासद आपल्याला दिलेले ते मत असते आणि ते काढून घेण्याचा हक्क त्याच्याकडे शिल्लक असतो.

ज्यांना हे फार तात्त्विक वाटते त्यांच्यासाठी त्याच डॉक्टरांची आणखी एक गोष्ट. १९९७ मध्ये या संघटनेने सनबीम नावाच्या कंपनीशी करार केला. कंपनीच्या रक्तदाब मोजण्याच्या यंत्रांवर व तत्सम घरगुती वस्तूंवर संघटनेचे नाव छापायचे आणि त्याबद्दल पैसे घ्यायचे. वस्तू तपासून पाहण्याचे बंधन नाही. सभासदांनी गिल्ला केला तेव्हा संघटनेने माघार घेतली. कंपनी कोर्टात गेली आणि १९९८ मध्ये संघटनेला ९९ लाख डॉलर मोजून प्रकरण मिटवावे लागले. उत्पन्न राहिले बाजूला, वर नावही गेले.

रसायनशास्त्रज्ञांची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे आणि आम्हाला ती जास्त महत्त्वाची वाटते, कारण तिथे कोणी जाहिरातदार नाही. अमेरिकन केमिकल सोसायटीने १९०७ मध्ये जगभरच्या रसायनशास्त्रीय लेखांचे गोषवारे छापणारे नियतकालिक सुरू केले. हजारो रसायनशास्त्रज्ञ फावल्या वेळात, नाममात्र मानधनावर, परभाषेतील लेख वाचून त्यांचा गोषवारा लिहून पाठवीत. हे काम वर्षानुवर्षे नेटाने चालले आणि जगातील कोणतीही रसायनशाळा त्या गोषवाऱ्यांवाचून पांगळी ठरावी इतके ते मोठे झाले. आज सोसायटीचे बहुतांश उत्पन्न या माहितीसेवेतून आणि नियतकालिकांतून येते. वर्गणी म्हणजे त्यात चिमूटभर मीठ. पुढे २००४ मध्ये अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेने रासायनिक पदार्थांची माहिती सर्वांना फुकट देणारा एक संग्रह खुला केला. रसायनशास्त्राची वाढ व्हावी म्हणून जन्मलेल्या सोसायटीला खरे तर पेढे वाटायला हवे होते. तिने २००५ मध्ये उलट तक्रार केली, थेट तिथल्या संसदेपर्यंत धाव घेतली की सरकार आमच्या धंद्यात हात घालते आहे, त्याला आवरा. ज्यांच्या बापजाद्यांनी रात्री जागून गोषवारे लिहिले, त्याच शास्त्रज्ञांना माहिती फुकट मिळू नये म्हणून त्यांचीच संघटना उभी ठाकली!

हे आपल्याकडे होणार नाही असे कोणी समजू नये. उद्या रेल्वे बोर्डाने आस्थापना नियमावली सोप्या मराठीत करून प्रत्येक डेपोत फुकट ठेवायचे ठरवले आणि आपल्या संघटनेच्या गोदामात त्याच नियमांच्या पाच हजार प्रती पडून असल्या, तर आपण टाळ्या वाजवू की कपाळाला हात लावू? संघटनेला नफ्याची चटक लागली की तिचा फायदा आणि सभासदाचा फायदा वेगवेगळ्या रुळांवरून धावू लागतात.

शिवाय प्रकाशनात पैसा असतोच, हा समजही भाबडा आहे. लंडनच्या रॉयल सोसायटीने १६८६ मध्ये माशांच्या इतिहासावर एक भलेमोठे सचित्र पुस्तक छापले. ते खपले नाही आणि खजिना रिकामा झाला. पुढच्याच वर्षी न्यूटनचा ग्रंथराज छापायची वेळ आली तेव्हा सोसायटीकडे पैसे नव्हते. एडमंड हॅली यांनी, तेच ते धूमकेतूवाले, स्वतःच्या खिशातून तो छापून दिला. हॅली तेव्हा सोसायटीच्या नोकरीत होते. त्यांचा पन्नास पौंड पगार द्यायलाही पैसे नव्हते, म्हणून पगारापोटी त्या माशांच्या पुस्तकाच्या पन्नास प्रती देण्यात आल्या! आमच्या कुठल्याही पूर्णवेळ कार्यकर्त्याला पगाराऐवजी गेल्या वर्षीच्या डायऱ्या मिळू नयेत एवढीच आमची इच्छा. याच सोसायटीने १७५२ मध्ये आपले प्रसिद्ध नियतकालिक अधिकृतपणे हाती घेतले, त्यानेसुद्धा पुढची जवळपास दोनशे वर्षे मिळवले कमी आणि खाल्ले जास्त. सोसायटीने ते बंद केले नाही, कारण ते पैशासाठी काढलेलेच नव्हते.

आता आपल्या अंगणात येऊ. पहिली गोष्ट स्मरणिकेची. अधिवेशन ठरले की स्मरणिका समिती नेमली जाते आणि पावतीपुस्तके घेऊन मंडळी बाहेर पडतात. जातात कोणाकडे? सफाईच्या ठेकेदाराकडे, खानपानाच्या ठेकेदाराकडे, टपाल वाहून नेणाऱ्या गाड्यांच्या मालकाकडे. पूर्ण पान, अर्धे पान, 'हार्दिक शुभेच्छा'. ही स्मरणिका कोणी वाचत नाही हे देणाऱ्याला माहीत असते, घेणाऱ्यालाही माहीत असते. मग तो पैसे कशाचे देतो? त्याच ठेकेदाराच्या कंत्राटी मजुरांना किमान वेतन मिळत नाही म्हणून सहा महिन्यांनी आपल्याला प्रशासनापुढे बसायचे असते, तेव्हा त्या अर्ध्या पानाची आठवण त्यालाही असते आणि आपल्यालाही. स्मरणिकेच्या जोरावर मंडप दणक्यात उभा राहिला आणि नंतर ठेकेदाराविरुद्धच्या ठरावातले शब्द एकेक करून मवाळ होत गेले, असे आम्ही स्वतः बसलेल्या सभांत पाहिले आहे. कायद्याचाही प्रश्न आहे. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या १९६४ च्या आणि रेल्वे कर्मचाऱ्यांच्या १९६६ च्या आचरण नियमांत, दोन्हीकडे नियम १२ हाच आहे : पूर्वपरवानगीशिवाय सरकारी नोकराने बाहेरून निधी गोळा करायचा नाही. सभासदांकडून वर्गणी घेणे वेगळे आणि बाहेरच्यापुढे पावतीपुस्तक धरणे वेगळे. प्रशासनाला एखादा कार्यकर्ता नको झाला तर त्याच्या हाती हे कोलीत आपण का द्यावे?

मुखपत्रातील जाहिरातींचे तेच. आपल्या वाचकांत दर महिन्याला निवृत्त होणारे असतात. त्यांची ग्रॅच्युइटी, रजेचा पगार, भविष्य निर्वाह निधी यांवर डोळा ठेवून बसलेल्या प्लॉटवाल्यांना, गुंतवणूकवाल्यांना आपले पान म्हणजे आयता दरवाजा. संघटनेच्या अंकात छापून आले म्हणजे खरे असणार, असे पॉइंट्समनला वाटते. तो विश्वास आपल्या मालकीचा नाही, तो विकायचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

दुसरी गोष्ट पुस्तकांची आणि इथे मात्र आम्ही सूचना करणाऱ्यांच्या बाजूचे आहोत. केंद्र सरकारच्या कुठल्याही कचेरीत जा, चेन्नईच्या स्वामीज प्रकाशनाचे हँडबुक टेबलावर असतेच. नियमांचे संकलन त्यांनी चोख केले, त्यांना त्याचे श्रेय आहे. पण ती पुस्तके कारकुनाच्या टेबलापर्यंत पोचतात. ट्रॅकमेंटेनरपर्यंत, पोस्टमनपर्यंत, ग्रामीण डाकसेवकापर्यंत पोचत नाहीत. भाषा इंग्रजी, फार तर हिंदी. बरे, नियम काय, हल्ली सकाळी निघालेल्या आदेशाची पीडीएफ दुपारपर्यंत प्रत्येक मोबाईलवर येते. ती उघडतो कोण आणि कळते किती जणांना? आदेश मिळण्याची अडचण आता उरलेली नाही, तो समजण्याची आहे. नुसते नियम छापून विकण्याचा धंदा म्हणूनच उताराला लागलेला आहे, हेही गणित मांडणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

२०२५ चेच उदाहरण घ्या. १ एप्रिल २०२५ पासून एकीकृत पेन्शन योजना लागू झाली. १ जानेवारी २००४ नंतर लागलेल्यांनी नव्या पेन्शन योजनेतच राहायचे की इकडे यायचे, याचा विकल्प द्यायचा होता. मुदत आधी जून अखेर, मग सप्टेंबर अखेर, मग ३० नोव्हेंबर २०२५ अशी वाढत गेली. पंचवीस वर्षे सेवा झाली तर शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ पगाराच्या निम्मे पेन्शन, दहा वर्षांना किमान दहा हजार, हे सगळ्यांना तोंडपाठ झाले. पण माझी सेवा अठरा वर्षे भरते, माझे काय? मध्येच नोकरी सोडली तर काय? जमलेल्या रकमेचे काय? जुनी पेन्शन हीच आपली मागणी आहे आणि ती आपण सोडलेली नाही. पण लढा चालू असताना माणसाला फॉर्मवर सही करायची होती. त्या वेळी सोळा पानांची, तीन-चार सोडवलेली उदाहरणे असलेली मराठी पुस्तिका हातात असती, तर भुसावळचा गँगमन असो की हुबळीला किंवा सिकंदराबादला बदली होऊन गेलेला आपला माणूस, त्याने ती दहा-वीस रुपयांना आनंदाने घेतली असती. २०२५ मध्ये न्यायमूर्ती रंजना देसाई यांच्या अध्यक्षतेखाली आठवा वेतन आयोग नेमला गेला. त्याच्या शिफारशी लागू होतील तेव्हा पगारनिश्चितीच्या विकल्पावरून हाच गोंधळ पुन्हा होणार आहे.

अशा पुस्तिकेला कायद्याची आडकाठी नाही. राजपत्रात प्रसिद्ध झालेले नियम पुन्हा छापण्यास १९५७ चा कॉपीराईट कायदा कलम ५२ मध्ये मोकळीक देतो आणि मूळ कायदा स्पष्टीकरणासह छापता येतो. राजपत्रात न आलेल्या परिपत्रकांसाठी मात्र परवानगी मागावी. टपाल संघटनांनी आणखी एक ध्यानात ठेवावे : १९९३ च्या मान्यता नियमांनुसार नवे नियतकालिक सुरू करायला सरकारची पूर्वसंमती लागते. छापील पुस्तकावर जीएसटी नाही, डायरीवर आहे. आणि आयकर? १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम १०(२४) ने नोंदणीकृत कामगार संघटनेला सूट दिली ती घरभाडे आणि इतर स्रोतांच्या उत्पन्नापुरती. धंद्याच्या नफ्याचे नाव त्यात नव्हते. म्हणजे पुस्तकविक्रीचा व्यवसाय मांडून नफा काढायचा, तर आयकर अधिकारी दारात उभा. अमेरिकेत १९८६ मध्ये डॉक्टरांच्या आणखी एका संघटनेला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने नेमके हेच ऐकवले : तुमच्या नियतकालिकातील जाहिरातींचे उत्पन्न हे संघटनेच्या कामातले नाही, कर भरा.

पोचवण्याची सोय तर आपल्याच हातची आहे. १ मे २०२५ पासून टपाल खात्याने पुस्तकांसाठी 'ज्ञान पोस्ट' सुरू केले. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत १०० रुपये आणि त्यावर कर. पाच किलोच्या गठ्ठ्यात पातळ पुस्तिका किती मावतील याचा हिशेब पार्सल काउंटरवरच्या बंधूंनी करावा. गंमत अशी की त्या दरात जाहिरातींनी भरलेली पुस्तके बसत नाहीत आणि नियतकालिकेही बसत नाहीत. जाहिरात न घेण्याचे आणखी एक कारण खात्यानेच पुरवले म्हणायचे.

राहिला प्रश्न पैशाचा. पुस्तिकेची किंमत छपाई, टपाल आणि पुढच्या पुस्तिकेच्या कागदापुरती थोडी शिल्लक, एवढ्यावर ठरावी. खाते वेगळे ठेवावे, हिशेब दरवर्षी मुखपत्रात छापावा. शाखांनी आधी मागणी नोंदवावी, मग छपाई. नाहीतर माशांचे पुस्तक ठरलेलेच. संघटनेचे भाडे, प्रवास, कोर्टकचेरी वर्गणीतून आणि वर्गणी पुरत नसेल तर ती वाढवण्याचा ठराव उघडपणे सर्वसाधारण सभेपुढे आणावा. सभासदाला पटवून चार रुपये जास्त मागण्याची लाज वाटते म्हणून ठेकेदाराकडून चारशे घ्यायचे, हा कसला स्वाभिमान?

आमचा स्वतःचा स्वार्थही लपवत नाही. अखिल भारतीय मुखपत्रात ही मराठी पाने म्हणजे थोड्या वाचकांची पाने. प्रकाशन हे उत्पन्नाचे साधन ठरले की प्रत्येक पानाने आपला खर्च काढून दाखवावा अशी मागणी येणार आणि हिशेबनिसाची पेन्सिल आधी टेकणार ती मराठी, कन्नड, उडिया पानांवर. इंग्रजी गाईडे खपतात, परीक्षा देणारे ती घेतात. रुळावरच्या माणसासाठी मराठीत लिहिलेले खपतेच असे नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८० मध्ये 'दीनबंधु' मुंबईत चालवायला घेतले ते खपाचा अंदाज बांधून नव्हे. १८९० मध्ये गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली, त्यामागे त्या पत्राची दहा वर्षांची झीज होती. ती कुठल्या जमाखर्चात दाखवणार?

पहिली पुस्तिका पेन्शनच्या विकल्पानंतर उरलेल्या शंकांवर असावी असे आमच्या मनात आहे, पण ते शाखांनी ठरवावे. आपल्या शाखेला कोणत्या विषयावर मराठी पुस्तिका हवी आणि किती प्रती रोखीने उचलल्या जातील, एवढ्या दोनच गोष्टी शाखा सचिवांनी येत्या सर्वसाधारण सभेआधी आम्हांस कळवाव्यात. पोस्टकार्डावर कळवले तरी चालेल. ते अजून पन्नास पैशांत मिळते.